हातवाऱ्यांची गोष्ट

चँडलर-गिल्बर्टच्या बाजूला शनिवारी सकाळी गराज सेल धुंडाळायची ज्यांना सवय आहे, त्यांना एक खोकं हमखास भेटतं. तळाशी पांढरा निंटेंडो वी, वायरींचा गुंता, दोन-तीन रिमोट आणि बरेचदा शेजारीच मायक्रोसॉफ्टचा काळा, लांबट किनेक्ट. आपल्यापैकी अनेकांच्या गराजमध्ये हेच खोकं गणपतीच्या मखरामागे पडलेलं असेल. २००६ ते २०१७ या अकरा वर्षांत या वस्तूंनी जगभरच्या दिवाणखान्यांत धुमाकूळ घातला आणि मग त्या गपचूप अडगळीत गेल्या. त्यांचा इतिहास लिहावासा वाटला, कारण या खेळण्यांच्या पोटातलं जवळजवळ काहीच मुळात खेळासाठी बनलेलं नव्हतं. सगळी उसनवारी. आणि त्या उसनवारीच्या गोष्टीत आपलं चँडलर आहे, शेजारचं टेम्पी आहे आणि चक्क नाशिकही आहे.

प्रश्न एका ओळीचा आहे: माणसाने हात हलवला, हे यंत्राला कळावं कसं?

याचं पहिलं चांगलं उत्तर एका वाद्याने दिलं. १९२० च्या सुमारास लिओन थेरेमिन या रशियन संशोधकाने एक पेटी बनवली. तिला दोन अँटेना. वादक पेटीला स्पर्शसुद्धा करत नाही. नुसता हात जवळ नेला, लांब नेला की सूर चढतो, उतरतो. आपलं शरीर विजेचं वाहक असल्याने अँटेनाजवळच्या विद्युतक्षेत्रात हात आला की ते क्षेत्र बदलतं, आणि तो बदल पेटी आवाजात उतरवते. हे तत्त्व लक्षात ठेवा, पुढे ते चँडलरमध्ये पुन्हा भेटणार आहे.

व्हिडिओ गेमवाल्यांनी सुरुवातीला बरीच धडपड केली. १९८१ साली डेटासॉफ्ट कंपनीने ‘ल स्टिक’ नावाची दांडी काढली. आत पाऱ्याचे स्विच होते, दांडी कलली की पारा सरकायचा आणि विजेचं मंडल जुळायचं. १९८९ साली मॅटेलने निंटेंडोसाठी ‘पॉवर ग्लोव्ह’ हा हातमोजा बाजारात आणला. मोज्यातून कानाला न ऐकू येणारा आवाज निघायचा, टीव्हीभोवती लावलेले तीन मायक्रोफोन तो ऐकायचे आणि आवाज कुठे किती उशिरा पोचला यावरून हात कुठे आहे ते ठरवायचे. बोटांत वाकणाऱ्या पट्ट्या होत्या. कल्पना झकास, प्रत्यक्षात खेळताना वैताग. मग १९९३ मध्ये सेगाने जमिनीवर ठेवायचं अष्टकोनी कडं आणलं, त्याच्या अदृश्य किरणांना हातपायांनी छेदायचं. तेही चाललं नाही. या सगळ्यांचं दुखणं एकच होतं. हाताची हालचाल नेमकी मोजणारा भाग त्या काळी एक तर महाग होता, नाही तर ओबडधोबड. तो स्वस्त आणि नेमका झाला तो मोटारींमुळे.

मोटारीत एअरबॅग असते. टक्कर झाली हे तिला काही मिलिसेकंदांत कळावं लागतं, आणि साध्या खड्ड्यात चाक आदळलं तर मात्र तिने उघडायचं नसतं. हा निवाडा करणाऱ्या सेन्सरला अॅक्सेलरोमीटर म्हणतात, म्हणजे त्वरणमापक. तो कसा चालतो हे समजायला महामंडळाच्या एसटीत उभ्याने केलेला प्रवास आठवा. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की आपण पुढे फेकले जातो, गाडी सुटली की मागे. डोळे मिटले तरी गाडीचं काय चाललंय ते आपल्या तोलावरून कळतं. चिपच्या आत असाच एक उभा प्रवासी आहे. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा नाजूक स्प्रिंगांवर टांगलेला असतो. त्याला कंगव्यासारखे दात असतात आणि ते दुसऱ्या, पक्क्या कंगव्याच्या दातांमध्ये अडकवलेले असतात. चिप हलली की टांगलेला तुकडा मागे रेंगाळतो, दातांमधलं अंतर किंचित बदलतं, त्याबरोबर त्यांची विद्युत धारिता बदलते, आणि तोच आपला आकडा. मॅसॅच्युसेट्सच्या अॅनलॉग डिव्हायसेसने १९९१ मध्ये अशी पहिली व्यापारी चिप जाहीर केली. ती गुरुत्वाकर्षणाच्या पन्नास पटीपर्यंतचे धक्के मोजायची. अमेरिकेत १९९८ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या कारला पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या, आणि या चिपा लाखोंनी बनू लागल्या. कुठलाही माल असा बनू लागला की त्याच्या किमतीचं काय होतं ते आपल्या व्यवसायातल्या मंडळींना सांगायला नको.

इथे आपला परिसर येतो. मोटोरोलाने १९४९ मध्ये फिनिक्समध्ये प्रयोगशाळा काढली आणि या वाळवंटात सिलिकॉनचा धंदा रुजला. इंटेल १९८० मध्ये चँडलरला आली. मोटोरोलाचा चिपांचा धंदा २००४ मध्ये फ्रीस्केल या नावाने वेगळा झाला. त्यांच्या अॅक्सेलरोमीटरच्या माहितीपत्रकांवर जो पत्ता छापलेला असे तो होता ईस्ट एलियट रोड, टेम्पी. म्हणजे चँडलरच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर. त्या रस्त्याने आपण किती वेळा किराणा आणायला गेलो असू! २०१५ मध्ये फ्रीस्केलही एनएक्सपीत विलीन झाली. या भागात मराठी माणसं आली त्यात या कारखान्यांचा वाटा मोठा. ‘कुठे असता?’ या प्रश्नाला ‘इंटेलला’ किंवा ‘मोटोरोलाला’ हे उत्तर गणेशोत्सवाच्या रांगेत किती तरी वर्षं ऐकू येत होतं. मात्र एक स्पष्ट करतो, नाहीतर उगाच गैरसमज व्हायचा. वीच्या रिमोटमधली चिप टेम्पीची नव्हे, ती अॅनलॉग डिव्हायसेसची होती. डाव्या हातातल्या ‘नंचक’ नावाच्या जोडीदारात एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची. पण जात तीच, एअरबॅगच्या घराण्यातली. फक्त पन्नास पटीऐवजी तीन पटीपर्यंत मोजणारी. माणसाच्या मनगटाला तेवढं पुरतं.

निंटेंडोचे सातोरू इवाता यांनी सप्टेंबर २००५ मध्ये टोकियोजवळ हा रिमोट दाखवला तेव्हा बरेच जण हसले होते. टीव्हीच्या रिमोटसारखं दिसणारं हे काय, म्हणून. १९ नोव्हेंबर २००६ ला अमेरिकेत वी २५० डॉलरला विक्रीस आला, सोबत ‘वी स्पोर्ट्स’ फुकट. पुढे दहा कोटींहून जास्त वी विकले गेले. लोक इतक्या जोरात हात फिरवू लागले की मनगटाचा पट्टा तुटून रिमोट टीव्हीवर जाऊन आदळू लागले, आणि महिन्याभरातच निंटेंडोला सुमारे ३२ लाख पट्टे बदलून द्यावे लागले.

आता एक गंमत. अॅक्सेलरोमीटरला हात किती लांब गेला हे खरं तर कळतच नाही. त्याला फक्त वेग बदलल्याचं कळतं. त्वरणावरून वेग काढायचा आणि वेगावरून अंतर, हे कॉलेजात आपण सगळ्यांनी केलेलं इंटिग्रेशन. पण मोजमापात सेकंदाच्या वर्गाला फक्त एक सेंटिमीटर इतकी बारीक चूक असली तरी दहा सेकंदांनी अंतर अर्ध्या मीटरने चुकतं आणि एका मिनिटाने अठरा मीटरने! म्हणजे हात दिवाणखान्यात आणि हिशोबाप्रमाणे तो रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्याच्या अंगणात. म्हणून गेम लिहिणाऱ्यांनी अंतराचा नाद सोडला आणि नुसता ढंग ओळखला: असा झटका आला की टेनिसचा फटका, तसा आला की बोलिंगचा चेंडू. हे गुपित मुलांना आठवड्याभरात कळलं. सोफ्यावर लोळत मनगटाला एक झटका दिला तरी बोरिस बेकरसारखी सर्व्हिस पडते. मोठी माणसं मात्र अख्खा हात फिरवून घाम गाळत राहिली.

रिमोटला पडद्यावरचा नेमका बिंदू दाखवता यावा म्हणून आणखी एक युक्ती होती. टीव्हीवर ठेवायच्या त्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणतात, पण तिच्यात सेन्सर एकही नाही. तिच्या दोन टोकांना नुसते अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड दिवे आहेत. कॅमेरा रिमोटच्या नाकात आहे. त्याला ते दोन ठिपके कुठे दिसतात यावरून रिमोट कुठे रोखलाय ते कळतं. पट्टी बिघडली तर टीव्हीपुढे दोन मेणबत्त्या लावूनही वी चालतो, हे अनेकांनी करून दाखवलं. ज्योतीतून अवरक्त किरण निघतातच. दिवाळीत पणत्या हाताशी असतील तेव्हा प्रयोग करायला हरकत नाही, फक्त पडदे जपा.

उरलेली उणीव २००९ मध्ये ‘मोशन प्लस’ने भरून काढली. त्यात जायरोस्कोप होता. जत्रेतल्या फिरत्या चक्रावर सरळ चालायला गेलं तर कुणीतरी बाजूला ढकलल्यासारखं वाटतं ना, तेच बल आत थरथरणाऱ्या सूक्ष्म तुकड्यावर मोजायचं, की रिमोट किती अंशांनी वळला ते कळतं. या दोन्ही चिपा आज बहुतेक स्मार्टफोनमध्ये आहेत. फोन आडवा केला की फोटो आडवा होतो, तो यांच्यामुळे.

आपल्या घरांत वी आला तो मुलांसाठी, पण रमले आजी-आजोबा, हे माझं निरीक्षण आहे. याला हवामानही कारण. इथे जूनपासून बाहेर पडायची सोय नसते. २०२३ साली फिनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस रोजचं कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर होतं. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील गाडी चालवत नाहीत, पहाटेचा फेरफटका साडेसहालाच संपतो आणि मग दिवस खायला उठतो. अशा घरात वी बोलिंग हा पहिला खेळ होता ज्याला ना इंग्रजी लागे, ना दहा बटणांचं पाठांतर. माझी आई पदर खोचून उभी राहायची. चेंडू टाकताना नेमकं बटण सोडायला विसरायची आणि पडद्यावरच्या बाहुल्याला ‘टाक की रे मेल्या’ म्हणून दटावायची. नातवाबरोबर तिचं जे बोलणं व्हायचं त्यातलं निम्मं या बोलिंगवरून. ज्या मुलाला मराठीत चार वाक्यं सलग बोलायचा कंटाळा होता, त्याला ‘आजी, आता सोड!’ हे अगदी वेळेवर म्हणता येऊ लागलं.

या खेळांनी म्हाताऱ्यांचं खरंच भलं होतं का? त्या वर्षांत तसं फार बोललं जात होतं. वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा झाल्या, फिजिओथेरपीत वी शिरला. मग टोरांटोचे मेंदूविकारतज्ज्ञ गुस्ताव्हो सापोस्निक यांनी ते नीट तपासलं. पक्षाघाताचा झटका आलेल्या १४१ रुग्णांवर, चार देशांत. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत वी दिला, निम्म्यांना पत्ते, बिंगो असले साधे खेळ. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताच्या हालचालीत दोन्ही गट सुधारले आणि दोघांत लक्षणीय फरक नव्हता. म्हणजे रमी खेळणारेही तितकेच बरे झाले. मला हा निकाल आवडतो. कुणी ‘आईसाठी हे महागडं यंत्र घ्या, गुण येईल’ म्हणून गळ्यात मारायला आलं तर त्याला हा अभ्यास दाखवावा, आणि पत्त्यांचा जोड काढून आपण स्वतः समोर बसावं.

आतापर्यंतची यंत्रं हातात धरायची होती. पुढचा टप्पा म्हणजे हातात काहीच नको. इथे नाशिकची पाळी.

रमेश रासकर हे मूळचे नाशिकचे. पुण्याच्या सीओईपीतून इंजिनिअर होऊन ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पीएचडीला आले. १९९८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘ऑफिस ऑफ द फ्युचर’ नावाचा शोधनिबंध मांडला. खोलीवर प्रोजेक्टरने प्रकाशाच्या खास नक्ष्या टाकायच्या, त्याही डोळ्यांना जाणवणार नाहीत अशा. वस्तूंवर पडून त्या नक्ष्या कशा वाकतात ते कॅमेऱ्याने टिपायचं आणि त्यावरून खोलीतल्या प्रत्येक जागेची खोली काढायची. मग २००७ मध्ये, मित्सुबिशीच्या बोस्टनजवळच्या प्रयोगशाळेत असताना, त्यांनी मोशन कॅप्चरची पद्धतच उलटी केली. सिनेमात नटाच्या अंगावर चमकते ठिपके लावून भोवती महागडे कॅमेरे उभे करतात. रासकरांच्या गटाने कॅमेरेच काढून टाकले. साध्या एलईडी दिव्यांनी जागेवर प्रकाशाचे सांकेतिक पट्टे टाकले, आणि अंगावरच्या लहानशा प्रकाशसंवेदी टिकल्या ते पट्टे वाचून ‘मी इथे आहे’ हे स्वतःच ठरवू लागल्या, सेकंदाला सुमारे पाचशे वेळा. कपड्यांआड लपतील इतक्या लहान टिकल्या. या पद्धतीला त्यांनी नाव दिलं ‘प्रकाश’. ग्राफिक्सच्या जगातल्या सर्वांत मोठ्या परिषदेच्या निबंधांत हा आपला शब्द रोमन लिपीत तसाच छापला आहे. २०१६ मध्ये त्यांना पाच लाख डॉलरचा लेमेल्सन-एमआयटी पुरस्कार मिळाला. त्याआधी २०१५ च्या कुंभमेळ्यासाठी नाशिकच्या तरुणांना घेऊन त्यांनी ‘कुंभथॉन’ चालवला, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

किनेक्ट बनवणारे लोक वेगळे होते, पण कुळी तीच: नक्षी टाका आणि तिचं वाकणं वाचा. तेल अवीवच्या प्राइमसेन्सने अवरक्त लेसरने खोलीभर हजारो अदृश्य ठिपके टाकायची चिप बनवली. बोट डोळ्यांसमोर धरून एकेक डोळा मिटला की बोट सरकल्यासारखं दिसतं, आणि ते जितकं जवळ तितकं जास्त सरकतं. तसंच ठिपका अपेक्षित जागेपासून किती सरकला यावरून अंतर निघतं. सेकंदाला तीसदा अख्ख्या खोलीचं. त्या ढिगातून माणूस ओळखायचं काम मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिजमधल्या संशोधकांनी केलं. सुमारे दहा लाख कृत्रिम चित्रं दाखवून त्यांनी संगणकाला शरीराचे ३१ भाग ओळखायला शिकवलं. आज ज्याला सगळे एआय म्हणतात, त्यातलं सामान्य घरात शिरलेलं हे एक पहिलं यंत्र. ४ नोव्हेंबर २०१० ला किनेक्ट आला आणि साठ दिवसांत ऐंशी लाख खपला. गिनेस बुकात नोंद झाली.

आणि तीनच वर्षांत उतरती कळा लागली. २०१३ च्या मे-जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या एक्सबॉक्स वनला किनेक्ट जोडलेला असणं सक्तीचं केलं. त्याच जूनमध्ये एडवर्ड स्नोडेन प्रकरण फुटलं. दिवाणखान्यात कायम जागा असलेला कॅमेरा आणि मायक्रोफोन, हे ऐकून लोक बिथरले, आणि माझ्या मते बरोबरच बिथरले. ऑगस्टमध्ये सक्ती मागे घेतली गेली. जून २०१४ मध्ये किनेक्टविना शंभर डॉलर स्वस्त एक्सबॉक्स बाजारात आला आणि लोकांनी तोच घेतला. ऑक्टोबर २०१७ मध्ये उत्पादन बंद झाल्याची बातमी आली.

नवा किनेक्ट ठिपके टाकत नव्हता. तो प्रकाश जाऊन परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचा. प्रकाश एका नॅनोसेकंदात जेमतेम तीस सेंटिमीटर जातो, तेव्हा हे किती बारीक काम ते पाहा. याच तत्त्वावर रासकरांच्या एमआयटीतल्या गटाने २०१३ मध्ये पाचशे डॉलरचा ‘नॅनो कॅमेरा’ दाखवला, जो अर्धपारदर्शक वस्तूंनाही फसत नव्हता.

चँडलरचं म्हणाल तर, मायक्रोचिप टेक्नॉलॉजीचं मुख्यालय आपल्याच गावात आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये या कंपनीने ‘एमजीसी ३१३०’ ही चिप जाहीर केली. ना कॅमेरा, ना लेसर. एक कमजोर विद्युतक्षेत्र निर्माण करायचं, त्यात पंधरा सेंटिमीटरपर्यंत हात आला की क्षेत्र कसं बिघडलं ते सेकंदाला दोनशे वेळा मोजायचं आणि हात कुठे आहे, कुठे वळला ते ओळखायचं. मागे सांगितलेला थेरेमिन, नव्वद वर्षांनी नखाएवढ्या चिपमध्ये. मूळ तंत्र त्यांनी जर्मनीतली आयडेंट ही कंपनी त्याच वर्षी विकत घेऊन मिळवलं होतं. मला स्वतःला तिन्ही पद्धतींत ही सर्वांत सभ्य वाटते. तिला चेहरा दिसत नाही, मागे सोफ्यावर कोण बसलंय ते कळत नाही. वीतभर अंतरातला हात, बस्स. गेमच्या जगात ती फारशी गाजली नाही, कारण वीतभर अंतरात टेनिस कसं खेळणार?

बाकीच्यांचं पुढे काय झालं तेही सांगतो. प्राइमसेन्स नोव्हेंबर २०१३ मध्ये अॅपलने विकत घेतली आणि २०१७ च्या आयफोन टेनमध्ये चेहऱ्यावर तीस हजार अदृश्य ठिपके टाकणारा भाग आला. दिवाणखान्यात ज्याला आपण नको म्हटलं त्याचा हा धाकटा भाऊ, आता खिशात आहे आणि फोन उघडायला आपण दिवसातून कित्येकदा आपणहून त्याच्यासमोर तोंड धरतो. वीचा वारसा २०१७ च्या निंटेंडो स्विचमध्ये गेला. ‘स्विच स्पोर्ट्स’मध्ये, २०२२ पासून, ते बोलिंगही आहे. मोटोरोलाच्या जुन्या धंद्याचे आजचे मालक एनएक्सपी यांनी सप्टेंबर २०२० मध्ये चँडलरला गॅलियम नायट्राइडचा कारखाना सुरू केला, तो फाइव्ह-जी टॉवरच्या चिपांसाठी.

गराजमधला वी काढलाच, तर रिमोटमधले जुने सेल आधी बघा. इथल्या उन्हाळ्यात बंद गराजमध्ये ते गळतात आणि पत्र्यांना गंज चढतो. कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसलं की बहुतेक वेळा रिमोट पुन्हा चालू होतो.